लिनक्सबरोबर आलेलं सगळं काढून टाकू का?

प्रश्न : मी कोपरीत, अष्टविनायक चौकाजवळ राहतो. निवृत्त झाल्यावर सोसायटीचं सचिवपद गळ्यात पडलं. घरातला लॅपटॉप जुना आहे, पण धडधाकट. विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ या लॅपटॉपवर चढेना. भाचा दिवाळीत आला होता. त्याने लिनक्स मिंट टाकून दिलं आणि तो पुण्याला परत गेला. चालतंय छान. पण वर्डच्या जागी लिब्रेऑफिस, व्हीएलसीच्या जागी सेल्युलॉइड, क्रोमच्या जागी फायरफॉक्स, शिवाय कधी नावही न ऐकलेली बरीच सॉफ्टवेअरं. ही सगळी काढून माझ्या सवयीची टाकली तर चालेल का? काढताना काही मोडेल का? आणि आधीच्या सचिवांनी लिहिलेल्या मराठी नोटिसा उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, त्याचं काय करायचं?
— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : नवीन सॉफ्टवेअर खुशाल आणा, रोजच्या कामाला तेच नेमा, पण आधीचं काढायची घाई करू नका. आणि नोटिशींचा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी टाकलात, तो खरं तर पहिला हवा होता. प्लेअर आणि ब्राउझर बदलणं हे चहा पिता पिता उरकणारं काम आहे. मराठी नीट लागली नाही, तर मात्र हा लॅपटॉप सचिवाच्या कामाचा राहणार नाही.

आधी सोपं ते संपवू. तुम्ही एका दमात तीन कामं विचारली आहेत : नवं आणणं, फाइल उघडायला त्याची नेमणूक करणं आणि जुनं काढणं. विंडोजवर ही तिन्ही कामं एकाच इन्स्टॉलरच्या खिडकीत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत उरकली जायची, म्हणून ती एकच वाटतात. लिनक्सवर ती वेगळी आहेत आणि त्यांचा धोकाही वेगळा आहे.

आणणं सोपं. मिंटच्या मेनूत 'सॉफ्टवेअर मॅनेजर' आहे. त्यात व्हीएलसी शोधा, 'इन्स्टॉल' दाबा, पासवर्ड द्या, झालं. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन नोंदी दिसल्या आणि एकीवर 'फ्लॅटपॅक' लिहिलेलं असलं, तर सहसा दुसरी, साधी नोंद घ्या. फ्लॅटपॅक वाईट नाही, पण पहिल्याच फ्लॅटपॅकबरोबर त्याला लागणारा सगळा पसारा उतरतो आणि जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर ती जागा जाणवते. क्रोमची साधी नोंद तिथे मिळणार नाही. ते गुगलच्या संकेतस्थळावरून डेब फाइल म्हणून उतरवावं लागतं. एकदा बसवलं की पुढचे अपडेट मिंटच्या अपडेट मॅनेजरमधूनच येत राहतात.

आता नेमणूक. एखाद्या व्हिडिओच्या फाइलवर उजवं बटण दाबा, 'प्रॉपर्टीज'मध्ये जा, तिथे 'ओपन विथ' नावाचा टॅब दिसेल. यादीतून व्हीएलसी निवडा आणि 'सेट ॲज डीफॉल्ट' करा. सगळ्या व्हिडिओंसाठी, सगळ्या गाण्यांसाठी, वेबपानांसाठी एकदम ठरवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रिफर्ड ॲप्लिकेशन्स' आहे. ही नेमणूक म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधल्या एका छोट्या मजकूर-फाइलमधली एक ओळ. त्याच लॅपटॉपवर सूनबाईंचं वेगळं खातं असेल तर त्यांच्या नेमणुका तशाच राहतात. मन बदललं तर तुमचीही नेमणूक तितक्याच सहज फिरवता येते. बहुतेक लोक 'रिप्लेस' म्हणतात तेव्हा त्यांना एवढंच हवं असतं. व्हीएलसी नेमलं की सेल्युलॉइड बापडं गप्प पडून राहतं. ते मेमरी खात नाही, डिस्कवरही फारशी जागा अडवत नाही.

तरीही आलेलं जसंच्या तसं स्वीकारायलाच हवं असं मुळीच नाही. ही निवड कोणीतरी, कधीतरी, काही कारणाने केलेली असते आणि ते लोकही ती बदलत असतात. तुम्हाला सेल्युलॉइड परकं वाटतं ना? डिसेंबर २०१९ पर्यंत मिंटबरोबर व्हीएलसीच येत होतं. १९.३ या आवृत्तीत मिंटच्या मंडळींनी ते आणि त्यांचा स्वतःचा एक्सप्लेअर, दोन्ही काढून सेल्युलॉइड घेतलं. त्याच वेळी चित्रांवर काम करायचं गिंप काढून 'ड्रॉइंग' हे लहान, सोपं सॉफ्टवेअर आणलं. म्हणजे तुम्ही व्हीएलसी आणता तेव्हा काही बंडखोरी करत नाही, मिंटचीच जुनी पद्धत परत आणता.

कधीकधी कारण पैशाचं असतं. एप्रिल २०११ मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या ११.०४ आवृत्तीबरोबर ऱ्हिदमबॉक्सच्या जागी बॅन्शी नावाचा संगीताचा प्लेअर आला. बॅन्शीतून ॲमेझॉनवर गाणं विकत घेतलं की त्यातलं कमिशन बॅन्शी लिहिणाऱ्यांनी नोम या खुल्या डेस्कटॉपच्या फाउंडेशनला देऊन टाकलं होतं. उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने त्यातले ७५ टक्के आपल्याकडे वळवायचं ठरवलं आणि बरीच वादावादी झाली. पुढच्या वर्षी १२.०४ मध्ये ऱ्हिदमबॉक्स परत आला. मिंटचंही तसंच. जानेवारी २०२२ पर्यंत मिंटमधल्या फायरफॉक्सला मिंटने स्वतः ठरवलेली शोधयंत्रं असत, कारण त्यातून मिंटला उत्पन्न मिळे. मग फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाशी करार झाला आणि फायरफॉक्स जसा मोझिला देते तसाच येऊ लागला, म्हणजे शोधासाठी आधी गुगल. 'डीफॉल्ट' या जागेची किंमत किती असते ते अमेरिकेतल्या गुगलविरुद्धच्या खटल्यात उघड झालं : आयफोनवर आपलं शोधयंत्र आधी दिसावं म्हणून गुगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर दिले होते.

म्हणून माझं मत असं आहे की फायरफॉक्स काढून क्रोम आणण्यापेक्षा आहे त्याच ब्राउझरचं शोधयंत्र, मुखपृष्ठ आणि परवानग्या आपल्या मनासारख्या करून घेणं जास्त मोलाचं. बँकेचं संकेतस्थळ फायरफॉक्समध्ये अडलंच तर क्रोम जोडीला ठेवा. दोन ब्राउझर एकत्र सुखाने नांदतात. सोसायटीच्या ग्रुपसाठी व्हॉट्सॲपचं लिनक्सवर अधिकृत ॲप नाही. मिंटच्या 'वेब ॲप्स'मधून व्हॉट्सॲप वेबचं स्वतंत्र चिन्ह मेनूत बसवता येतं, काम तेवढंच होतं.

काढताना काय मोडतं

आता तुमच्या भीतीचं. ती अगदीच अनाठायी नाही.

लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजांच्या रूपात येतं आणि पॅकेजं एकमेकांवर अवलंबून असतात. त्यात 'मेटा-पॅकेज' नावाचा प्रकार आहे. त्यात स्वतःचा माल काही नसतो, नुसती किराण्याची यादी असते : डेस्कटॉप हवा तर हे हवं, ते हवं, आणि हेही हवं. यादीत 'हवंच' म्हणून लिहिलेली वस्तू तुम्ही काढायला गेलात तर ती यादीच खोटी ठरते, म्हणून व्यवस्था म्हणते की यादीही काढतो. यादी गेल्याने त्या क्षणी काहीच बिघडत नाही. बिघाड पुढे होऊ शकतो. कोणीतरी सांगतं, 'नको असलेली पॅकेजं साफ कर', तुम्ही साफसफाईचा आदेश देता, आणि ज्यांचं नाव केवळ त्या यादीमुळे टिकून होतं ती पॅकेजं बेवारस ठरून निघून जाण्याची वेळ येते. किंवा पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाताना नवे लागणारे भाग येतच नाहीत, कारण ते मागणारी यादी केव्हाच काढलेली असते.

याचं जगजाहीर उदाहरण नोव्हेंबर २०२१ मधलं आहे. लिनस सेबॅस्टियन हे कॅनडातले तंत्रज्ञानाचे प्रसिद्ध यूट्यूबर. रोजच्या वापराला लिनक्स घेऊन बघू म्हणून त्यांनी पॉप ओएस हे लिनक्स टाकलं आणि खेळांसाठी स्टीम बसवायला घेतलं. त्या दिवसांत तिथल्या स्टीमच्या पॅकेजमध्ये गफलत होती. व्यवस्थेने पडद्यावर लांबलचक यादी दाखवून सांगितलं की हे बसवायचं तर डेस्कटॉपचे आवश्यक भाग काढावे लागतील आणि खात्री असेल तर 'होय, मी सांगतो तसंच कर' अशा अर्थाचं पूर्ण इंग्रजी वाक्य टाइप करा. त्यांनी ते टाइप केलं. डेस्कटॉप गेला, काळा पडदा उरला. गंमत बघा, त्यांना काहीच काढायचं नव्हतं, नवं आणायचं होतं. पुढे ॲप्ट या पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनात बदल करून ही वाट आणखी अवघड केली गेली, पण यादी न वाचता पुढे जाणाऱ्याला कोणतंही यंत्र पूर्णपणे वाचवू शकत नाही.

तुम्हाला टर्मिनलची गरज नाही. मेनूत नको असलेल्या सॉफ्टवेअरवर उजवं बटण दाबलं की 'अनइन्स्टॉल' दिसतं. दाबल्यावर सोबत आणखी काय काय जाणार आहे त्याची यादी येते. ती वाचायची. एकदोन नावं असतील आणि ती त्याच सॉफ्टवेअरची भावंडं दिसत असतील, तर पुढे जा. यादीत 'मेटा', 'सिनॅमन', 'डेस्कटॉप' असे शब्द दिसले किंवा यादी खाली खाली सरकतच राहिली, तर रद्द करा आणि ते सॉफ्टवेअर तसंच राहू द्या. इंटरनेटवरून टीव्ही दाखवणारं हिप्नॉटिक्स, टोरंटचं ट्रान्समिशन यांसारखी टोकाला बसलेली सॉफ्टवेअरं सहसा मुकाट्याने निघतात. फाइली दाखवणारं नेमो मात्र डेस्कटॉपच्या शरीरातलं आहे. ते काढायच्या फंदात पडू नका.

त्याआधी टाइमशिफ्ट. मिंटमध्ये ते आलेलंच असतं. ते सिस्टिमची आजची अवस्था जपून ठेवतं आणि गडबड झाली तर त्या दिवशीच्या अवस्थेवर परत नेतं. एक लक्षात ठेवा : टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइली जपतं, तुमची कागदपत्रं नाही. सोसायटीचं सभासद रजिस्टर आणि इतिवृत्तं पेनड्राइव्हवर वेगळी घ्यायचीच.

आणि डेस्कटॉपच आवडला नसेल, मिंटबरोबर आलेला सिनॅमन जड वाटत असेल, तर त्यावर दुसरा डेस्कटॉप चढवू नका. एकाच कामाची दोन-दोन सॉफ्टवेअरं, दोन प्रकारच्या सेटिंग्ज, सगळा गोंधळ होतो. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन, न बसवता चालवून बघा आणि आवडली तर नव्याने तीच टाका. खर्च करायचाच असेल तर तो वेगळीकडे करा. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी आणा. कुठलंही सॉफ्टवेअर बदलून जेवढा फरक पडेल, त्याहून जास्त त्याने पडेल.

आता नोटिसा

इथे जरा सावकाश जाऊ, कारण 'लिनक्स टाकल्यावर काय काय बदलावं' अशा इंग्रजी याद्यांमध्ये हा भाग नसतो आणि आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं.

तुमच्या आधीच्या सचिवांनी नोटिसा बहुधा शिवाजी, किरण, कृतिदेव, श्रीलिपी किंवा सीडॅकच्या सुरेखसारख्या जुन्या टंकात लिहिल्या आहेत. या टंकांची युक्ती अशी होती की फाइलमध्ये साठवलेली अक्षरं इंग्रजीचीच, फक्त टंकाने त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवायचे. टंक हजर असेपर्यंत 'वार्षिक सर्वसाधारण सभा' दिसते, टंक नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणजे दोष लिब्रेऑफिसचा नाही. ती फाइल तो टंक नसलेल्या दुसऱ्या विंडोजवर उघडली असती तरी हेच दिसलं असतं.

नुसती वाचायची किंवा छापायची असेल तर उपाय सोपा. जुन्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून त्या टंकाची फाइल मिळवा. होम फोल्डरमध्ये 'डॉट फॉन्ट्स' असं, म्हणजे नावाच्या सुरुवातीला टिंब असलेलं इंग्रजी नावाचं फोल्डर करा. टिंबाची फोल्डरं लपलेली असतात, कंट्रोल-एच दाबलं की दिसतात. त्यात टंक टाका, लिब्रेऑफिस बंद करून उघडा, मराठी दिसेल. श्रीलिपीसारखे टंक विकतचे आहेत, तेव्हा परवाना सोसायटीकडे आहे ना ते बघा.

पुढेही वापरायचा मजकूर मात्र युनिकोडमध्ये आणून ठेवा. त्यासाठी टंक-परिवर्तक मिळतात. जुन्या टंकाचं नाव निवडायचं, मजकूर टाकायचा, युनिकोड बाहेर येतो. निघालेला मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय वापरू नका. पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या अक्षरावर बसतात, कारण जुन्या टंकात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाई आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. त्याहून मोठा धोका इंग्रजी मजकुराचा. नोटिशीच्या मध्येच सोसायटीचा पॅन क्रमांक किंवा बँकेचा आयएफएससी कोड असेल तर परिवर्तक त्यालाही जुनं मराठी समजून त्याची अक्षरं करून टाकतो. ते भाग आधी बाजूला काढून ठेवा.

नव्या मजकुरासाठी टंक निवडायचा तर मंगल आणि निर्मला हे विंडोजबरोबर येतात, मिंटवर ते नसतील. म्हणून मंगलमध्ये एका पानात बसवलेली नोटीस तुमच्याकडे दुसऱ्या टंकात दिसते, ओळी लांबतात आणि 'सचिव' ही सही एकटीच दुसऱ्या पानावर जाते. इंग्रजी टंकांचं इथे बरं आहे. टाइम्स न्यू रोमनच्या मापाचा लिबरेशन आणि कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो मुद्दाम बनवलेले आहेत. मंगलला असा जोडीदार नाही. तेव्हा एक खुला टंक ठरवून घ्या आणि सगळ्या सोसायटीचं काम त्यातच करा : नोटो, रेड हॅटने खुला केलेला लोहित, किंवा मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हेही मोफत आहेत. टंक पारखायचा तर त्यात 'पायऱ्यांची दुरुस्ती' आणि 'ॲडव्हान्स रक्कम' एवढं लिहून बघा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या टंकांत त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात अशी तक्रार पुष्कळ जण करतात. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळण ठरवून दिलेलं आहे. नोटो किंवा लोहितमध्ये दोन्ही वळणं असतात, कोणतं दाखवायचं ते मजकुराची भाषा बघून ठरतं. भाषा हिंदी लागली असेल तर वळणही हिंदीच येणार. लिब्रेऑफिसमध्ये 'टूल्स'मधून 'ऑप्शन्स'मध्ये जा, भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ला खूण करा आणि तिथे मराठी निवडा. मिंट टाकल्यावर सगळ्यात आधी बदलायची सेटिंग कोणती असं मला कोणी विचारलं, तर मी ही सांगेन.

टायपिंगसाठी सेटिंग्जमधल्या 'कीबोर्ड'मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट जोडा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि हीच मांडणी बाकीच्या भारतीय लिप्यांनाही. भारतीय मानक ब्यूरोने ती १९९१ च्या मानकातच घेतली आहे. इंग्रजी 'एन'च्या कळीवर 'ल', शिफ्टबरोबर 'ळ'. 'जे'वर 'र', शिफ्टबरोबर 'पायऱ्या'तला 'ऱ'. आठवडाभर बोटं अडखळतील, मग बसतात. इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायची सवय असेल तर 'आयबस' आणि 'आयबस-एम१७एन' ही पॅकेजं घ्या, 'इनपुट मेथड'मध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या आणि मराठीची आयट्रान्स पद्धत जोडा. मोबाइलसारखे शब्द सुचवले जाणार नाहीत. मोठा 'एन' म्हणजे 'ण', मोठा 'एल' म्हणजे 'ळ', असे ठरलेले नियम आहेत. माझी शिफारस इनस्क्रिप्टचीच.

वर्ड आणि एक्सेलचं काय

लिब्रेऑफिस तुमच्या कामाला पुरेसं आहे. २०१० च्या सप्टेंबरमध्ये ओपनऑफिसमधली मंडळी बाहेर पडली, त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं आणि तेव्हापासून ते जोमाने वाढतं आहे. मेंटेनन्सचं मासिक बिल, थकबाकीची यादी, त्यावरचं व्याज, हे सगळं कॅल्कमध्ये होतं. फक्त 'ऑप्शन्स'मध्ये 'लोड/सेव्ह'खाली फाइल डॉक्स आणि एक्सएलएसएक्स या स्वरूपात जतन होईल असं करून ठेवा, म्हणजे समितीतल्या बाकीच्यांची कुरकुर थांबेल. सभासदांना पाठवायची नोटीस पीडीएफच करा. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जायला हवी, तेव्हा कोणाच्या मोबाइलवर टंक नव्हता म्हणून विषयपत्रिका वाचता आली नाही, हा वाद कशाला! दिसायला मायक्रोसॉफ्टसारखंच हवं असेल तर ओन्लीऑफिस आणून बघा. पण लिब्रेऑफिस काढू नका. जोडाक्षरांनी भरलेला मराठी मजकूर दोन्हीकडे उघडून, छापून, मगच नेमणूक करा.

एका बाबतीत मात्र बदल होत नाही. सोसायटीचे हिशेब टॅलीत असतील तर टॅली विंडोजवरच चालतं. ऑडिटर किंवा हिशेबनीस त्यांच्या संगणकावर ते करत असतील तर तुमचा प्रश्न मिटला. तुम्हालाच करायचं असेल, किंवा डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरावा लागत असेल, तर भाच्याला विचारा की विंडोज पूर्ण पुसलं आहे की शेजारी ठेवलं आहे.

शिकायला मदत हवी असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प बघा. लिनक्स, लिब्रेऑफिस आणि गिंपवरचे छोटे छोटे धडे आहेत, मराठी निवेदनासह, फुकट. एका बाजूला धडा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करून बघायचं, अशीच त्यांची रचना आहे. भाचा पुण्याहून येईपर्यंत थांबायची गरज नाही.

प्रश्न : माझ्याकडे उबुंटू २४.०४ आहे. फायरफॉक्स पहिल्यांदा उघडायला फार वेळ घेतो. काढून पुन्हा टाकला, तरी तसाच. असं का?
— एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : कारण तुम्ही काढून पुन्हा तोच टाकला. उबुंटूत २२.०४ पासून फायरफॉक्स 'स्नॅप' या बंदिस्त स्वरूपात येतो. ॲप्टने मागवलं तरी जे पॅकेज उतरतं ते रिकामं असतं, ते गुपचूप स्नॅपच आणून बसवतं. कोपरीच्या वाचकांना ही अडचण येणार नाही, कारण मिंटने २०२० मध्ये, आवृत्ती २० पासून, स्नॅपला दारातच अडवलं.

मोझिला जानेवारी २०२४ पासून स्वतःच्या भांडारातून फायरफॉक्सचं डेब पॅकेज देते. ते घ्या. मोझिलाच्या पानावरच्या सूचनांमध्ये आपल्या भांडाराला अग्रक्रम देणारी एक पायरी आहे, ती वगळू नका. उबुंटूने आपल्या रिकाम्या पॅकेजच्या आवृत्ती-क्रमांकापुढे एक जादा आकडा लावून ठेवला आहे, त्यामुळे मोझिलाचं पॅकेज कितीही नवं असलं तरी ॲप्टला उबुंटूचंच वरचढ वाटतं. अग्रक्रम दिला नाही तर पुढच्या अपडेटला स्नॅप पुन्हा हजर. आणि स्नॅप काढण्याआधी बुकमार्क आणि पासवर्ड बाहेर काढून घ्या किंवा सिंक करा. स्नॅपमधला फायरफॉक्स ते स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, नव्या फायरफॉक्सला ते आपोआप सापडत नाहीत.

सगळ्याच वाचकांना एक विनंती. प्रश्न पाठवताना मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा यांपैकी काय आहे आणि आवृत्ती कोणती, हे जरूर लिहा. नुसतं 'लिनक्स' लिहिलं तर वरच्या दोन्हीपैकी कोणतं उत्तर द्यायचं ते कळत नाही.